तापलेला उकिरडा

जावयानं सासूला न विचारता तिचं नाव सरकारी कागदावर लिहावं आणि नावापुढं लिहावं ‘स्वयंपाकीण’, हे जयवंताबाईंना सात जन्मांत पटलं नसतं. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या. पण विचारायला तोंड लागतं, आणि धर्मेंद्रचं तोंड बारा महिने दुर्बिणीच्या मागं. खापरखेड्याच्या पलीकडची अकरा एकर जमीन नवऱ्यामागं त्यांनी एकटीनं राखली होती. पावर हाऊसची राख पिकावर पडायची, ती झाडून कापूस काढला होता. त्यांच्या शब्दाशिवाय गोठ्यातला बैल विकला गेला नव्हता. आणि ती बाई कागदावर स्वयंपाकीण!

“मिने,” जावई दोन हातांवर बसलेला असताना त्या लेकीला म्हणाल्या, “तुह्या नवऱ्याले सांग, आमच्याकडं पाहुण्याले आधी पाणी देतेत, मंग काम सांगतेत.”

“आई, ते ऐकूनच राहिले. त्यांच्याशीच बोल ना.”

“मी काहून बोलू?”

बोलणारच नव्हत्या. त्यांच्या घराण्याची रीत होती, सासूनं जावयाशी तोंडासमोर बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काय सांगायचं ते लेकीला, भिंतीला, नाहीतर चुलीवरच्या पातेल्याला. सात वर्षांत त्यांनी धर्मेंद्रला बरीच बोलणी अशी पातेल्यामार्फत पोचवली होती.

प्रकरण असं होतं. मिनल आणि धर्मेंद्र नागपुरात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत कामाला होते. निकोबारच्या बाजूला माणूसवस्ती नसलेलं एक लहान बेट, नावाडी त्याला ‘टेढा टापू’ म्हणत. तिथं एक पक्षी राहत असे, कोंबडीएवढा, जगात फक्त त्याच समुद्रातल्या बेटांवर सापडणारा. नाव निकोबारी मेगापोड. वीस वर्षांमागच्या मोठ्या लाटेनं किनाऱ्यालगतची त्याची घरटी धुऊन नेली. त्यानंतर टेढ्या टापूवर त्याची हाक कधीमधी ऐकू आली, पण चालू घरटं कोणाला दिसलं नाही. धर्मेंद्र दोन वर्षं रिकाम्या हातानं परतला होता. ही तिसरी आणि शेवटची खेप. चालू घरट्याचा पुरावा मिळाला तर बेट बंद राहणार. नाही मिळाला तर ‘पक्षी नाही’ असा शेरा पडणार, आणि बोटींचा धक्का अन् विश्रामगृह बांधायला रान मोकळं!

परवानगी चार माणसांची होती. ठरलेला स्वयंपाकी विक्की निघायच्या आठवड्यात टायफॉइडनं आडवा झाला, आणि धर्मेंद्रनं रिकाम्या जागी सासूचं नाव भरून टाकलं.

“हे पाखरू घरटं कुठं बांधते?” जयवंताबाईंनी लेकीला विचारलं.

“जमिनीवर. पाचोळा, माती, वाळू पायानं मागं फेकत फेकत मोठा ढीग करते. अंडी त्यात पुरते अन् निघून जाते. ढीग आतून कुजते, तापते, त्या गर्मीनं अंडी उबतेत.”

“म्हंजे उकिरडा.”

“आई, त्याले माउंड म्हणतेत.”

“उकिरडाच की वं. अंडी उकिरड्यात टाकून माय गाव हिंडाले मोकळी. हे पाखरू आमच्या गल्लीत राहाले पायजे होतं.”

धर्मेंद्रला हसू आलं. त्यानं ते दुर्बिणीच्या पिशवीत लपवलं.

आणि जयवंताबाई निघाल्या. गांधीबागेच्या बाजारातून आणलेलं नवं नऊवारी, इतवारी बाजारातलं जाड बुडाचं पातेलं, तिखटाची बरणी आणि कमरेला लोखंडी उलथणं एवढं सामान. नागपूर ते चेन्नई गाडी, पुढं विमान, मग दोन दिवस जहाज. जहाजात सगळे आडवे पडले तेव्हा ही बाई कठड्याला धरून उभी होती. “आम्ही कन्हानच्या डोहात पोहाले शिकलो,” असं तिनं समुद्राला बजावून सांगितलं. समुद्राला ते ठाऊक नव्हतं.

टेढ्या टापूपाशी समुद्रानं पहिला हात दाखवला. मोठी बोट पोवळ्याच्या खडकांबाहेर थांबली. किनाऱ्यापर्यंत डोंगीनं, म्हणजे लहान होडीनं, जायचं. डोंगीवर ओमप्रकाश नावाडी, काळा-रापलेला, मोजून बोलणारा.

“अम्मा, बैठे रहना. कुछ भी हो, उठना नहीं.”

लाटा बाहेरून पाहिल्या तेव्हा कमरेएवढ्या होत्या. आत शिरल्यावर त्या डोक्यावर गेल्या. पहिली लाट डोंगीखालून गेली. दुसरीनं डोंगीला आडवं केलं. तिसरीनं उलटं! डोळ्यांत, नाकात, कानांत खारं पाणी. वर कुठलं, खाली कुठलं कळेना. जयवंताबाईंच्या पायांना नऊवारी गुंडाळलं. त्यांनी पाय झाडले नाहीत. हातानं कासोटा आवळला, मग पाय मारले. एक, दोन, तीन. पोटाखाली वाळू लागली. त्या रांगत बाहेर आल्या तेव्हा उजव्या हातात पातेलं तसंच होतं.

मिनल बाहेर आली, पाठीला बांधलेल्या बंद पिशवीतला कॅमेरा कोरडा. ओमप्रकाशनं डोंगी सरळ केली; तिला बांधलेली तंबूंची अन् शिध्याची पोती शाबूत होती. धर्मेंद्र मात्र गुडघाभर पाण्यात इकडून तिकडं पळत होता. लांब नळकांडं वाहून गेलं होतं. त्यात ढिगात खुपसायचा मीटरभर लांबीचा तापमापक होता. ढीग आतून तापलेला आहे की थंड, म्हणजे घरटं जितं की मेलं, हे सांगणारं एकमेव साधन.

“गेलं,” तो वाळूत बसला. “सगळं गेलं.”

“मिने,” जयवंताबाई लुगड्याचं पाणी पिळत म्हणाल्या, “तुह्या नवऱ्याले सांग, मानसं चार होती, चार हायेत. मंग गेलं काय?”

किनाऱ्यावरच्या नारळांमागं तंबू लागले. त्यांच्या मागं वीस पावलांवर गेल्या वर्षीच्या यादीतला पहिला ढीग होता. समुद्राकडच्या बाजूनं ढासळलेला, त्या अंगावर गुडघाभर गवत. गेल्या वर्षी धर्मेंद्रनं तो मेलेला म्हणून लिहिला होता, म्हणून या वर्षी त्याच्याकडं कोणी मान वळवली नाही. शोध आत, दूर घ्यायचा होता.

निघण्याआधी धर्मेंद्रनं नियम सांगितला. बेटावर काहीच टाकायचं नाही. कांद्याचं टरफलसुद्धा पोत्यात भरून परत न्यायचं.

जयवंताबाई पातेल्याशी बोलल्या, “ऐकलं का गा? आलू-कांद्याच्या साली आता जहाजानं फिरणार. साल मातीतून निघाली, मातीत गेली, यात कोणाचं काय गेलं?”

आणि संध्याकाळी त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. सालींची टोपली उचलली, घरामागच्या ढिगाकडं गेल्या आणि टोपली उलटी केली. घर आहे, मागं ढीग आहे, तर कचरा ढिगावर. याला विचार कसला करायचा?

दुसरा दिवस खाडीचा होता.

बेटाला मधोमध चिरत गेलेली ती खाडी ओहोटीला मांडीभर पाण्याची. पलीकडं दोन ढीग. दोन्ही बाजूंना पाण्यात उतरलेल्या मुळांचं जाळं, त्यावर चिखलात उड्या मारणारे मासे, आणि हवेत अशी दमट वाफ की श्वास चावून घ्यावा लागे. ओमप्रकाश आणि मिनल आधी पार झाले. धर्मेंद्र कॅमेरा डोक्यावर धरून निम्म्यावर. जयवंताबाई अलीकडच्या उंचवट्यावर दम खात होत्या, काखेत पातेलं, त्यात दुपारची भाकरी.

त्यांनी ओंडका पाहिला.

ओंडक्याचं काही नवल नव्हतं. पण ओहोटीचं पाणी समुद्राकडं चाललं होतं आणि ओंडका समुद्राकडून आत येत होता!

जन्मभराची रीत त्या क्षणी कुठं गेली, कोणास ठाऊक.

“धर्म्या, मागं फिर! मगर हाय!”

धर्मेंद्र जागीच थिजला. ओंडका बुडाला. पाण्यावर नुसती रेघ उरली, आणि ती रेघ त्याच्याकडं वळली. जयवंताबाईंनी पातेलं उचललं आणि शेतातल्या गोफणीसारखं गरकन फिरवून सोडलं. पातेलं रेघेच्या पुढ्यात धाडकन आदळलं. पाणी फाटलं. हातभर लांब दातेरी जबडा पातेल्यावर मिटला! तेवढा वेळ पुरला. धर्मेंद्र अलीकडच्या मुळांना धरून वर आला, एक चप्पल चिखलात, कॅमेरा अजून डोक्यावर.

खाडीत मगरीनं पातेलं सोडून दिलं आणि ती खोल गेली. पातेलंही बुडालं.

“मामीजी,” धर्मेंद्रचे ओठ पांढरे पडले होते, “तुम्ही...”

जयवंताबाईंनी पदर पुढं ओढला आणि झाडाकडं तोंड केलं. “झाडाले मी म्हणते, इतवारीतलं पातेलं होतं. तसं बूड आता भेटत नाही.”

पलीकडचे दोन्ही ढीग मिनलनं पाहिले. दोन्हींवर झाडंझुडपं उगवलेली. मेलेले. ती आणि ओमप्रकाश वरच्या बाजूला आडव्या पडलेल्या झाडावरून परत आले तेव्हा दिवस कलला होता. यादीतले सगळे ढीग संपले. संध्याकाळी ओमप्रकाश आभाळाकडं पाहून म्हणाला, “हवा पलट रही है. कल दस बजे तक निकलना पड़ेगा. उसके बाद डोंगी नहीं निकलेगी.”

धर्मेंद्र वाळूत काटकीनं रेघोट्या मारत होता. “लिहून टाकतो. पक्षी नाही.”

“लिहा,” मिनल म्हणाली. “तेवढंच राहिलं होतं.”

जयवंताबाई ओमप्रकाशच्या डेगचीत भाजी चढवून, साली गोळा करून ढिगाकडं गेल्या, आणि टाकून आल्या. त्यांना मनातून वाईट वाटत होतं. माणूस तुसडा होता, पण दोन वर्षं एका कोंबडीपायी उन्हातान्हात फिरलेल्या माणसाला आळशी म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच त्या चहाचा चोथा घेऊन निघाल्या. ढिगापाशी आल्या आणि टोपली हातातच राहिली.

कालच्या साली नव्हत्या.

खेकड्यांनी नेल्या म्हणावं, तर परवाचं कांद्याचं टरफलसुद्धा उरलं नव्हतं. त्या ढिगाला वळसा घालून जंगलाकडच्या बाजूला गेल्या. इकडं गवत नव्हतं. माती भुसभुशीत, ओली, नुकतीच उकरून परत दाबलेली. दूरवरून पाचोळा ओढून आणल्याची जमिनीवर स्वच्छ वाट. अंगण झाडावं तशी. आणि मातीतून आलूची एक साल अर्धी बाहेर डोकावत होती. कोणीतरी तिला आत कालवलं होतं.

जयवंताबाईंनी कमरेचं उलथणं काढलं. लोखंडी, हातभर दांड्याचं. ढिगाच्या कडेला, तिरपं, वीतभर आत सारलं. मधोमध नाही, खोल नाही. शेणखत झालं की नाही हे त्या सळई घालून असंच बघत आल्या होत्या. थांबल्या. शंभरपर्यंत आकडे त्यांना येत होते, तेवढे मोजले. उलथणं काढून मनगटाला लावलं.

कोमट. बाळाच्या अंगासारखं.

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतेत,’ सासूबाई म्हणायच्या. हा वीस वर्षांनी फिटला होता. आणि त्यावर त्यांनी दोन दिवस कचरा टाकला होता!

गप्प राहता आलं असतं. साली पुरलेल्या होत्या, कोण बघणार? जयवंताबाई तिथं उभ्या राहून एकदा हा विचार करून गेल्या. मग तो त्यांनी सालीसारखा फेकून दिला. चूक लपवायला चोर व्हावं लागतं, आणि त्या चोर नव्हत्या.

“मिने, ऊठ. तुह्या नवऱ्याले सांग, घरटं तंबूमागं हाय. अन् हेही सांग, का त्याच्यावर माह्या हातानं कचरा पडला.”

धर्मेंद्र अनवाणी धावला. त्यानं वाट पाहिली, ओली माती पाहिली, हात ठेवला. त्याचा चेहरा आधी उजळला, मग सालीवर नजर जाताच काळवंडला.

“मी सांगितलं होतं. टरफलही टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पाखरू घाबरून गेलं असतं म्हणजे?”

जयवंताबाईंनी मान खाली घातली नाही.

“सात वाजले,” धर्मेंद्र म्हणाला. “दहाला निघायचं. नुसत्या ढिगाचा फोटो कोणी मानणार नाही. तापमापक नाही. अंडं दाखवलं की प्रश्न मिटला.” आणि तो गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती ओढू लागला.

“अहो, नका ना,” मिनल म्हणाली.

“परत भरून ठेवतो ना! दहा मिनिटांचं काम.”

माती भराभर मागं पडू लागली. खड्डा वीतभर झाला, हातभर झाला. आतून वाफ आली, कुजक्या पानांचा गोडसर वास आला. वाफ वाऱ्यावर गेली. ती जाताना जयवंताबाईंनी पाहिली. तापलेलं खत उघडलं की थंड पडतं. परत झाकता येतं, पण ती ऊब परत यायला आठवडे जातात. अन् अंड्याला आठवडे कुठले?

त्यांनी पदर मागं टाकला आणि त्या जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“जावईबापू. हात काढा.”

धर्मेंद्रनं वर पाहिलं. मगरीच्या वेळी ओरड होती. आता त्या त्याच्या डोळ्यांत बघून, सावकाश बोलत होत्या.

“मामीजी, या बेटाचा प्रश्न आहे. पुरावा नाही मिळाला तर इथं सिमेंट पडेल. मग हा ढीग राहणार आहे का?”

“नाही राहणार.”

“मग?”

“मंग तो सिमेंटवाल्यानं मारला. हा आज तुम्ही मारून राहिले. मी कचरा टाकला, मले ठाऊक नव्हतं. तुम्हाले ठाऊक हाय.”

धर्मेंद्रचा हात कोपरापर्यंत मातीत होता. बोटांना काहीतरी लागलं असावं, कारण त्याचा खांदा एकदम थांबला. समुद्राचा आवाज मोठा झाला होता, वारा नारळांच्या झावळ्या उलट्या करत होता. एक हिसका, आणि तीन वर्षांचं काम फत्ते!

त्यानं हात काढला. रिकामा. मग बाहेर काढलेली माती ओंजळींनी परत लोटायला लागला. जयवंताबाई शेजारी बसल्या. “दाबू नका इतकी. मोकळी ठेवा. वरून पाचोळा, मंग माती.” त्यांनी स्वतः थर दिले. गावचं खत असंच भरतात.

तिघं केवड्याच्या दाट बनात मागं सरले आणि पोटावर पडले. आठ वाजले. माश्या मानेवर बसून चावत होत्या, हात हलवायची सोय नव्हती. नऊ वाजले. किनाऱ्यावरून ओमप्रकाशची शिट्टी आली, एक. साडेनऊला दोन. धर्मेंद्रच्या कपाळावरचा घाम कॅमेऱ्यावर टपकत होता. तो हळूच उठायला लागला. जयवंताबाईंनी त्याची कॉलर धरून खाली बसवलं.

पाचोळा वाजला.

झाडीतून ती आली. तपकिरी, गोल अंगाची, करड्या डोक्याची. डोळ्याभोवती लालसर उघडी कातडी, आणि पाय असे दणकट की अंगाला शोभू नयेत. मागोमाग नर. ती ढिगावर चढली, मान वाकडी केली. कोणीतरी आपल्या घरात हात घातलाय हे तिला कळलं. ती थांबली. पळणार! धर्मेंद्रनं डोळे मिटले.

ती पळाली नाही. तिनं एक पाय मागं झाडला. मातीचा लोट उडाला. मग दुसरा पाय. धर्मेंद्रनं भरलेली माती तिला मुळीच पसंत नव्हती. तिनं ती सगळी पुन्हा उकरली, पुन्हा रचली, नराच्या अंगावर धूळ उडवली, आणि एक आलूची साल पायानं उचलून हातभर लांब फेकली.

“तिले पटलं नाही तुमचं काम,” जयवंताबाई कुजबुजल्या.

कॅमेरा चालू होता. चार मिनिटं. किनाऱ्यावरून तिसरी शिट्टी आली आणि दोन्ही पाखरं झाडीत विरघळली.

मग फक्त धावणं! तंबू उपटले, पोती डोंगीत फेकली, चौघांनी डोंगी पाण्यात लोटली. समोर लाटांच्या भिंती. “अभी नहीं,” ओमप्रकाश म्हणाला. “अभी नहीं... अभी!” वल्ही पडली. डोंगी उभी चढली, आभाळाकडं नाक करून क्षणभर टांगली गेली, आणि पलीकडं आदळली. दुसरी. तिसरी. जयवंताबाई एका हातानं कठडा अन् दुसऱ्या हातानं कॅमेऱ्याची पिशवी धरून बसल्या होत्या. खडकांच्या फटीतून डोंगी बाहेर सुटली तेव्हा सगळ्यांच्या तळहातांना रक्त होतं.

मोठ्या बोटीवर चढल्यावर धर्मेंद्रनं चित्रं पुन्हा पाहिली. पक्षी स्पष्ट होता, ढीग स्पष्ट होता, पायानं उडणारी माती स्पष्ट होती. एवढा पुरावा पुरेसा होता. पण पक्ष्याच्या पायातली सालही तितकीच स्पष्ट होती.

“आलूची साल,” तो मिनलला म्हणाला. “निर्मनुष्य बेटावर. संस्थेच्या सभेत लोक हसतील. तेवढा तुकडा कापून टाकला तर...”

“काहून कापता?” जयवंताबाई म्हणाल्या. त्या लेकीकडं वळल्या नाहीत, कठड्याकडंही नाही. “लिहा, का जयवंताबाईनं नियम मोडून टाकली. हसू द्या लोकाइले. माहं नाव लिहाले तुम्हाले काही लाज नाही, मले ठाऊक हाय.”

धर्मेंद्र हसला नाही. तो मातीनं भरलेल्या आपल्या नखांकडं पाहत होता.

“बोटाला अंडं लागलं होतं, मामीजी,” तो हळू म्हणाला. “गरम होतं.”

टेढा टापू मागं पडला होता. त्याच्यावर पावसाचा काळा पडदा उतरत होता. जयवंताबाईंनी एकदा तिकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि जावयाकडं सरळ बघून म्हणाल्या,

“जावईबापू, तुम्ही उतावळे हाये, मुके हाये, अन् मानसाले इचारत नाही, हे मी सात वर्षं पाहून राहिली. पण हाताले लागलेलं अंडं ज्यानं सोडलं, त्याच्या घरी पोरगी दिली याचा मले आज पस्तावा नाही. उद्याचं उद्या पाहू.”